तेहतिसाचं वाण

दुसरा घास तोंडात होता आणि फोन वाजला. अधिक महिन्यातलं माझं जेवण दिवसातून एकदाच, आणि तेही मुक्यानं. पाटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत शब्द काढायचा नाही, हुंकारसुद्धा द्यायचा नाही. तरी फोन मी ताटाच्या डाव्या अंगाला ठेवते, कारण ह्याच वेळेला पुण्याहून निशिगंधाचा फोन येतो. लेकीला माझा नेम ठाऊक आहे. ऑफिसात डबा खाता खाता ती बोलत राहते, मी जेवता जेवता ऐकत राहते. तू जेवताना फोन केलेला बरा पडतो, मधे मधे शहाणपण शिकवत नाहीस, असं ती हसून म्हणते. आजही मी डाव्या हाताच्या बोटानं फोन घेतला, उष्टा हात ताटात तसाच ठेवून आवाज मोठा केला, आणि लेकीची वाट बघत पडवळाची फोड चावत राहिले. आवाज लेकीचा नव्हता. "आई, मी पृथ्वीराज बोलतोय." मागं एसटी स्टँडचा गलबला होता; निपाणी, निपाणी म्हणून कुणीतरी घसा फोडत होतं. विद्यापीठात काम होतं म्हणून तुमच्या कोल्हापुरात आलो होतो, असं ते सांगत होते, आता गडहिंग्लजची गाडी लागलीय. मग म्हणाले, "आज अमावास्या. अधिक संपतो. म्हटलं विचारावं. येऊ का, आई?"

घास तोंडातच होता. दारातून समोरच्या खोलीत कॉटवर पडलेले आमचे हे दिसत होते. तोंडावरचा पेपर त्यांनी छातीवर घेतला होता, पण माझ्याकडं बघत नव्हते. फोनमधून पुन्हा दोनदा आई, आई अशी हाक आली. मग, निज ज्येष्ठात माझं लग्न आहे, निशीकडून कळलंच असेल, त्यानंतर यायचं म्हटलं तरी बरं दिसायचं नाही, म्हणून आज, असं काहीबाही अर्धं अर्धं बोलणं झालं. मी ऐकत होते. वाटीतल्या वरणावर साय धरत होती, ती मला दिसत होती. "बरं," ते शेवटी म्हणाले, रागानं नाही, तास संपल्यावर मास्तरांनी फळा पुसावा तसं, आणि फोन बंद झाला.

ते माझे जावई. होते, असं म्हणायला हवं. चार वर्षांपूर्वी पुण्याच्या कोर्टात दोघांनी राजीखुशीनं सह्या केल्या आणि जो तो आपल्या वाटेनं गेला. मी जेवत राहिले. अर्ध्या ताटावरून उठलं तर एकभुक्त मोडतं, आणि शेवटच्या दिवशी मोडलेला नेम सगळा महिना बुडवतो, असं मी स्वतःला सांगितलं. पहाटेची आंघोळ, पोथीचा रोजचा अध्याय, अखंड तेवलेला दिवा, ते सगळं ह्या भाताच्या चार घासांवर येऊन थांबलंय असं सांगितलं. भात गार होत होता. देवघरात पितळी ताटात तेहतीस अनारसे मांडून वर दुसरं ताट पालथं घातलेलं होतं. निशिगंधाला मी सांगून ठेवलं होतं की वाण देवळात देणार. महिना लागला तेव्हाच तिनं फोनवर बजावलं होतं, आई, अनारसे कर, तुझा नेम आहे, पण तिकडं पाठवू नकोस हां, त्याचं ठरलंय, उगाच मला अवघडल्यासारखं होतं. मी बरं म्हणाले होते. पण तीन दिवस तांदूळ भिजवताना, रोज पाणी बदलताना, खसखशीवर गोळी थापताना माझी बोटं कुणाच्या आवडीनं चालत होती हे बोटांनाच ठाऊक. जरा जाड, कडेला कुरकुरीत आणि मधे मऊ. आमच्या ह्यांना पातळ लागतात. कढईजवळ येऊन ते चेष्टा करून गेले होते, "जावई न्हाय म्हणून देवाला कशाला द्यायचं? मीबी कुणाचा तरी जावईच हाय की." मी हसले होते. माझी आई गेल्यापासून त्यांनाही कुणी वाण दिलेलं नाही, हे खरंच माझ्या ध्यानात नव्हतं.

पहिल्या धोंड्याला ते आले तेव्हाही अधिक ज्येष्ठच होता. आठ वर्षं झाली. लग्नाला सहा महिने झालेले. निशी आणि ते पाटावर शेजारी शेजारी बसले होते, लक्ष्मीनारायणासारखे म्हणतात तसे, आणि मी वाणाचं ताट पुढं केलं. दुसरा कुणी जावई असता तर ताटाला हात लावून पाया पडला असता आणि चांदीची वाटी आहे का, अंगठी आहे का ते नजरेनं चाचपलं असतं. आमच्या ह्या गणिताच्या प्राध्यापकांनी वरचं ताट काढून अनारसे मोजले. मग मला विचारलं, तेहतीसच का? इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी सांगितलेलं मी सांगितलं, की बत्तीस महिने आणि वर काही दिवस गेले की अधिक येतो, म्हणून तेहतीस. आणि देवही तेहतीस कोटी. त्यांनी मान डोलावली. म्हणजे सूर्याचा आणि चंद्राचा हिशेब जुळत नाही, आणि जे उरतं त्याचे अनारसे, असं म्हणून ते स्वतःशीच खूश झाले. नंतर मला म्हणाले, आई, हा आकडा मोठा हट्टी आहे, दाखवू का? आणि माझ्या होकाराची वाट न बघता ताटातले अनारसे उचलून समोरच्या पाटावर मांडायला लागले.

वर एक, त्याखाली दोन, त्याखाली तीन, अशा सात ओळी झाल्या. खसखशीचा त्रिकोण. त्यात अठ्ठावीस गेले, पाच उरले. त्यांतल्या तिघांचा एक लहान त्रिकोण केला. एकटा अनारसा म्हणजेही एक त्रिकोणच, सगळ्यांत लहान. तो बाजूला ठेवला. आणि एक उरला. मी म्हटलं, तोही एकट्याचा त्रिकोण धरा की. ते म्हणाले, "नाही आई, एका मापाचा त्रिकोण एकदाच करायचा. एवढाच नियम." मग मोठा मोडून सहा ओळींचा केला, एकवीस गेले, बारा उरले, त्यांतल्या दहाचा एक केला तर दोन उरले, आणि त्या दोघांतल्या एकाला पुन्हा जागा नाही. पंधराचा केला, दहाचा केला, सहाचा केला. काही ना काही उरतच होतं. त्यांनी सांगितलं की लहान आकड्यांत असे अडणारे बरेच आहेत, पण तेहतीस हा त्यांतला शेवटचा. ह्याच्या पुढं चौतीस घ्या, पस्तीस घ्या, लाख घ्या, वेगवेगळ्या मापांच्या त्रिकोणांत नीट बसतो, काही उरत नाही. अडून बसणारा शेवटचा हाच. आणि बरोबर तेवढेच अनारसे तुम्ही मला दिलेत. निशी कपाळाला हात लावून हसत होती. आमचे हे दारातून म्हणाले, "पावणं, खायाचं हाय का नुसतं मांडायचंच?" सगळे हसले, मीही हसले, पण मला तो पाटावरचा एकटा अनारसा उचलवेना. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी पूजेच्या सुपाऱ्या घेऊन बसले. तेहतीस मोजल्या. मांडल्या, मोडल्या, परत मांडल्या. त्यांनी सांगितलं तसंच झालं. मग एक सुपारी वाढवली आणि अठ्ठाविसाच्या त्रिकोणाशेजारी सहाचा लहानगा त्रिकोण अलगद बसला. मला इतका आनंद झाला की मी देवघराकडं बघून हात जोडले. कशासाठी जोडले ते सांगता यायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही.

आता ताटात दोन घास राहिले होते आणि मला वाटत होतं की सांगायला हवं होतं. असल्या बिनकामाच्या गोष्टी सांगायच्या राहून जातात आणि मग त्याच आठवतात. माझ्या आयुष्यात मोजणं खूप झालं. प्रदक्षिणा मोजल्या, वाती मोजल्या, दूर्वा मोजल्या, जपमाळेचे मणी बोटाखालून किती गेले त्याला सुमार नाही. पण आकडा म्हणजे तिथं पोचेपर्यंतचा रस्ता, पोचलं की संपला, असंच मी धरून चालले होते. आकड्याला स्वतःचा स्वभाव असतो, एखादा माणसासारखा अडून बसतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगणारा माझ्या घरी जेवायला येत होता, ताकाची वाटी दोनदा मागून घेत होता, जाताना चपला घालता घालता परत वळून म्हणत होता, आई, ह्याच तेहतीसचं आणखी एक आहे.

ते आणखी एक म्हणजे घनाचं. आकडा स्वतःशी गुणायचा आणि पुन्हा एकदा स्वतःशीच गुणायचा, म्हणजे घन. पेढ्यांचा चौकोनी खोका लांबीला, रुंदीला, उंचीला सारखाच भरावा तसा. असे तीन घन घेऊन बेरीज करायची, वजाबाकीही चालते, आणि नेमका हवा तो आकडा आणायचा. एकोणतीस सोपा, तिनाचा घन सत्तावीस, आणि एक आणि एक. तिसाला फार वर्षं लागली पण तोही मिळाला. एकतीस आणि बत्तीस कधीच मिळणार नाहीत, तसा पक्का नियमच आहे, त्यांचा नाद सोडायचा. आणि तेहतीस? मी विचारलं होतं, उंबऱ्यात उभी राहून. ते म्हणाले, "तेहतीसला कुठल्याच नियमाची मनाई नाही, आई. आणि तरी आजवर कुणाला सापडलेला नाही." रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, निशी आधीच जाऊन बसली होती आणि चला हो म्हणत होती. मला ते वाक्य कळलं असं म्हणणार नाही. पण पाठ झालं.

पुढच्या वर्षी, शिमगा होऊन गेल्यावर, एका सकाळी त्यांचा फोन आला होता. मी वाती वळत होते. नमस्कार नाही, कशा आहात नाही, "आई, तेहतीस सापडला." परदेशातल्या कुणा माणसानं कॉम्प्युटरला कामाला लावून तो शोधला होता. सोळा सोळा आकडी तीन संख्या. एकीचा घन मिळवायचा आणि दोघींचे वजा करायचे. ते मला एकेक अंक वाचून दाखवायला लागले, आठ, आठ, सहा, सहा, एक, दोन, आठ, आणि मी सहस्रनाम ऐकावं तशी डोळे मिटून ऐकत राहिले. एवढ्या प्रचंड संख्या एकमेकींतून जातात आणि शेवटी हातात काय उरतं, तर एका ताटातले अनारसे. ते पलीकडं हसत होते. त्यांनी घरात दुसऱ्या कुणाला हे सांगितलं होतं का, निशीला सांगितलं होतं का, हे विचारायचं मला सुचलं नाही. नंतर, बरंच नंतर, एकदा निशीच म्हणाली की त्या सकाळी तिला ताप होता आणि हा पठ्ठ्या गच्चीत जाऊन तुझ्याशी आकडे बोलत होता. ती हे भांडून नाही बोलली. त्यांचं भांडण असं कधी झालंच नाही. दारू नाही, मारहाण नाही, सासरचा जाच नाही. असतं तर मला चार लोकांत सांगायला काहीतरी कारण मिळालं असतं. तिची नोकरी पुण्याला, त्यांचं कॉलेज गडहिंग्लजला, शनिवार-रविवारचा संसार, मग एखादा शनिवार चुकायला लागला. ती ह्याच स्वयंपाकघरात, ह्या ओट्याला टेकून म्हणाली होती, "तो वाईट नाही गं आई. पण त्याच्याजवळ बसलं की मला वर्गात शेवटच्या बाकावर बसल्यासारखं वाटतं." मी मेथी निवडत होते. त्या दिवशी मला मौन नव्हतं. मेथीची एक जुडी संपवून मी दुसरी घेतली. मी काय बोलणार होते? की मला त्याच माणसानं आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या बाकावर बसवलं? जो माणूस तुला एकटी करतो तो आला की माझा एकटेपणा तेवढा दिवस निघून जातो, असं कुठली आई लेकीला सांगते? मी म्हणाले, तुला बरं वाटेल ते कर. ते खरं होतं. आणि अपुरंही होतं. तेव्हापासून मला वाटत आलंय की त्या दोघांत कुणीतरी एक शब्द टाकायला हवा होता, आणि तो माझ्याकडं होता.

सह्या झाल्यावर पहिला अधिक आला तेव्हा मी पोथीत शोधलं होतं. लेकीचं लग्न मोडलं की जावई जावई राहतो का. वाण त्याला द्यावं का. पोथीत पुष्कळ आहे. कुणी दीपदान चुकवलं तर काय, कुणी उपवासात चुकून खाल्लं तर काय, प्रत्येकाला प्रायश्चित्त आहे. पण द्यावं असंही कुठं नाही, देऊ नये असंही नाही. त्या वेळी मी वाण देवळात नारायणाच्या नावानं ठेवून आले. तरीही नात्याचं माझं मी काहीतरी ठरवायला हवं होतं. दिवाळीला त्यांचा एक मेसेज यायचा. मी त्याला हात जोडलेलं चित्र पाठवायची. ते चित्र निशीनंच मला फोनमध्ये शिकवलेलं.

शेवटचा घास घेतला. पाणी प्यायले. उठून मोरीत हात धुतला, चूळ भरली, आणि तोंड मोकळं झालं. पुढच्या खोलीत गेले. ह्यांना म्हटलं, "तुम्ही ऐकलंत ना सगळं? मग तुम्ही का नाही बोललात? तुम्हाला तर नेम नव्हता."

"मला इचारलं हुतं का त्यानं? तुला इचारलं."

"मी कशी बोलणार होते? ताटावर होते मी."

हे उठून बसले. गुडघा दुखतो म्हणून हातानं पाय उचलून खाली ठेवला, चष्मा काढून पेपरावर ठेवला. ते मोठ्यानं बोलतात, सगळी गल्ली ऐकेल असं. आत्ता मात्र हळू बोलले. "परवा दूध उतू गेलं तवा बोललीस की. ताटावरनंच वरडलीस, दूध, दूध म्हणून."

खरं होतं. परवा ओरडले होते. मग जेवण तिथंच सोडलं होतं, देवापुढं दिवा लावून क्षमा मागितली होती, झालं. एका दिव्याचं प्रायश्चित्त. हे मी घास चावताना विसरले नव्हते. बाजूला ठेवलं होतं, इतकंच. नेमानं माझं तोंड बांधलं नव्हतं. मीच नेमाच्या पदराखाली जाऊन बसले होते, कारण तिथं बसलं की लेकीला दुखवावं लागत नाही आणि त्यांनाही दुखवावं लागत नाही, आणि दोघांतलं कुणी दुखावलंच तर दोष माझ्याकडं येत नाही, व्रताकडं जातो. इतकी वर्षं मी हळू बोलते म्हणून लोक मला भली म्हणतात. हळू बोलण्यात किती वेळा न बोलणं लपलेलं असतं, ते मोजायला घेतलं तर माळ पुरायची नाही. मी ह्यांच्या कॉटच्या कडेवर बसले. ह्यांनी नुसता फोन माझ्या हातात आणून दिला.

एका रिंगमध्येच उचलला त्यांनी. गाडीचा खडखडाट येत होता. "आई, जेवण झालं?" हेच पहिलं विचारलं.

मी म्हटलं, तुमच्या ध्यानात होतं तर, की मी ताटावर असेन.

"हो. निशी ह्याच वेळेला फोन करायची ना. माझ्यासमोर कितीदा केलाय." मग गाडी कुठल्यातरी चढाला लागली असावी, आवाज बारीक झाला, पुन्हा आला. "म्हणूनच ह्या वेळेला केला, आई. तुम्ही या म्हणाला असता तर निशीला दुखवून म्हणाला असता. नको म्हणाला असता तर ते मला कायम ऐकू आलं असतं. मला फक्त विचारायचं होतं."

म्हणजे तेही तिथंच येऊन बसले होते, माझ्याच मुकेपणाच्या आडोशाला. आम्ही दोघं एकाच पदराखाली. मला त्यांचा राग आला, आणि त्या रागात इतकी माया होती की तो मला ओळखू येईना. मी म्हटलं, कागल गेलं का? गेलं, म्हणाले. मग मी, आयुष्यात कुणाला असं सांगितलं नव्हतं अशा आवाजात, सांगितलं की निपाणीला उतरा आणि परतीची गाडी धरा, वाण मांडून ठेवलेलं आहे, तुमचंच आहे, निशीला काय सांगायचं ते मी सांगेन.

कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्यावरून वाद घालत होता. नंतर ते हळूहळू सांगायला लागले. संध्याकाळी मुलीकडची मंडळी घरी यायची आहेत. लग्नाआधीच कशाला म्हटलं, पण त्यांना हौस. त्यांच्यातलाही हा पहिलाच जावई. मुलीच्या आईनं आठ दिवस खपून अनारसे केलेत. परत आलो तर उशीर होईल, पण त्यांना फोन करून थांबवता येईल, तेवढं ते समजून घेतील. इकडची हरकत नाही, तिकडची हरकत नाही, असं सगळं ते जुळवत होते, जसे त्या दिवशी पाटावर त्रिकोण जुळवत होते. आणि मग म्हणाले, "एक सांगा आई, तुम्हाला ठाऊक असणार. एकाच अधिकात दोन घरची वाणं घेतलेली चालतात का?"

ठाऊक होतंच. असा कुठलाही नियम नाही. दोन लेकी एकाच घरी दिल्या तर एकाच दारात दोन वाणं येतात. मानलेल्या जावयालाही देतात. देणाऱ्यानं द्यावं, घेणाऱ्यानं घ्यावं. कुठल्याच पोथीत मनाई नाही. मी हो म्हणाले असते तर दिवे लागेपर्यंत ते ह्या दारात उभे राहिले असते. मी औक्षण केलं असतं. त्यांनी ताट उघडून बघितलं असतं. आणि तिकडं गडहिंग्लजला एक बाई, जिला मी कधी पाहिलेलं नाही, जिनं माझ्यासारखंच रोज तांदळाचं पाणी बदललं असेल, आपलं ताट झाकून घड्याळाकडं बघत बसली असती. आणि आल्यावर त्यांनी तिचं वाण घेतलं असतं ते दुसरं म्हणून घेतलं असतं. पहिल्यांदाच सासू होणाऱ्या बाईचं वाण दुसरं होऊ नये. हे मला तेव्हा वाटलं, की निशीला सांगण्याची हिंमत ऐनवेळी पुन्हा गेली, की दोन्ही, ते मी आजही सांगू शकत नाही. मी म्हणाले, "नाही चालत."

पोथ्यांना, उपासतापासांना साक्षी ठेवून जगलेली मी, शास्त्राच्या नावानं पहिल्यांदा खोटं बोलले. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. प्रत्येक गोष्टीला का विचारणारा माणूस. "मग राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता म्हणजे नसेल चालत." मी म्हटलं, संध्याकाळी नवा शर्ट घाला, आणि अनारसे मोजत बसू नका, त्यांना विचित्र वाटेल. ते हसले. मोजणार, म्हणाले. नंतर आम्ही दोघांनी ठेवतो ठेवतो म्हणत फोन ठेवला.

"आसं कुठं लिवलंय गं?" ह्यांनी विचारलं.

"कुठं नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला, पण पेपर काही उघडला नाही.

उन्हं कलल्यावर मी ताट पदराखाली धरून गल्लीच्या टोकाच्या विष्णूच्या देवळात गेले. शेवटचा दिवस, त्यामुळं बायकांची रांग मंडपाबाहेर आली होती. कुणाचे जावई दुबईला, कुणाचे बंगलोरला. ज्यांना प्रत्यक्ष देता येत नाही त्या सगळ्या ताटं घेऊन उभ्या. माझ्या मागं आमच्या शेजारच्या शालूबाई होत्या. त्यांना आमच्या घरातलं सगळं ठाऊक असतं, आणि त्यांची भाची पुण्यात निशीच्याच ऑफिसात आहे. त्यांनी माझ्या ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि नारायणालाच ना यंदाही, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. मी नुसती हसले. रांग सरकत होती. उदबत्तीचा धूर आणि तुपाचा वास, आणि घामानं भिजलेली काठापदराची लुगडी. गुरुजी घाईत होते. एकेकीच्या हातावर पाणी सोडायचे, संकल्प म्हणायचे, ताट उचलून बाजूला ठेवायचे. माझी पाळी आली. पळीभर पाणी हातावर पडलं. कुणाच्या निमित्तानं, गुरुजींनी वर न बघता विचारलं. जावयाच्या, मी म्हटलं. मागं शालूबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. गोत्र? ते मी कधी विचारलं नव्हतं. नसेल ठाऊक तर कश्यप धरू, गुरुजी म्हणाले, आणि नाव?

जावयाचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. समोर अहो म्हणायचं, मागं ते. इतक्या वर्षांत त्यांचं नाव मी मनात घेतलं असेल, तोंडानं कधी घेतलं नव्हतं. ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून गळायला लागलं होतं. मी नाव सांगितलं.

"जरा मोठ्यानं, आई," गुरुजी म्हणाले. "ऐकू आलं नाही."

मी मोठ्यानं सांगितलं.